हवेने थांबली गाडी, कायद्याने वाचले जीव

धावत्या रेल्वेगाडीत कोणी धोक्याची साखळी ओढली, की ब्रेकच्या नळीतील हवा बाहेर पडू लागते आणि गाडीचा वेग मंदावतो. हवा भरून नव्हे, तर हवा सोडून ब्रेक लावण्याची ही उफराटी वाटणारी कल्पना जॉर्ज वेस्टिंगहाऊस या अमेरिकी संशोधकाची. तिच्यामागे हजारो कामगारांच्या जिवाचा प्रश्न होता.

अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोहमार्गांचे जाळे झपाट्याने पसरले. इंजिने शक्तिमान झाली, गाड्या लांबल्या. परंतु त्या थांबवण्याची रीत जुनीच राहिली. चालकाने शिटी दिली, की 'ब्रेकमन' मालडब्यांच्या टपांवरून धावत जाऊन एकेका डब्याच्या ब्रेकचे चाक हातांनी आवळत. पाऊस असो वा बर्फ, तोल गेला की माणूस थेट रुळांवर. डबे जोडण्याचे कामही तितकेच जीवघेणे होते. जवळ येणाऱ्या दोन डब्यांच्या मध्ये उभे राहून लोखंडी कडी अडकवायची आणि तीत खीळ घालायची. त्यात अनेकांनी बोटे गमावली, काही चिरडले गेले.

बिघाड झाला, तर गाडी थांबावी

वेस्टिंगहाऊस यांना १८६९ मध्ये, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षी, हवेच्या ब्रेकचे पेटंट मिळाले. इंजिनावरील पंपाने हवा दाबायची आणि ती नळीवाटे प्रत्येक डब्याच्या ब्रेकपर्यंत पोहोचवायची, अशी ही रचना होती. मात्र नळी फुटली, तर ब्रेकच निकामी होत. १८७२ मध्ये त्यांनी हे तत्त्वच उलटे केले. प्रत्येक डब्याला हवेची स्वतंत्र टाकी आणि विशेष झडप बसवली. नळीत हवेचा दाब सतत कायम ठेवायचा. तो घटताच झडप टाकीतील हवा ब्रेककडे सोडते. त्यामुळे गाडी तुटून तिचे दोन भाग झाले, तरी दोन्ही भाग आपोआप थांबू लागले.

१८७३ मध्ये व्हर्जिनियातील इलाय जॅनी यांनी स्वयंचलित जोडणीचे पेटंट घेतले. वाकवलेली बोटे एकमेकांत अडकवावीत, तशी ही रचना. डबे एकमेकांवर येताच जोडले जात. मध्ये माणूस उभा राहण्याची गरज उरली नाही.

शोध होता, सक्ती नव्हती

प्रवासी गाड्यांना हवेचे ब्रेक तुलनेने लवकर लागले, मालगाड्या मात्र मागे राहिल्या. खर्च मोठा होता. शिवाय एका कंपनीचे डबे दुसरीच्या मार्गावरही धावत. त्यामुळे एकट्या कंपनीने सुधारणा करून भागत नव्हते. आयोवा राज्यातील बर्लिंग्टन येथे १८८६-८७ मध्ये लांब मालगाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढचे ब्रेक लागत असताना मागचे डबे वेगाने येऊन आदळत. वेस्टिंगहाऊस यांनी झडप सुधारून हा दोषही दूर केला. त्यानंतर तांत्रिक सबबीला जागा राहिली नाही.

जून १८८८ अखेरच्या वर्षात दोन हजारांहून अधिक रेल्वे कामगार मृत्युमुखी पडले, तर २० हजारांहून अधिक जखमी झाले. आयोवातील शेतकरी लोरेन्झो कॉफिन यांनी अनेक वर्षे सुरक्षा कायद्याचा पाठपुरावा केला. या कामगारांच्या जिवाला रणांगणावरील सैनिकाइतका धोका असणे हा नागरी समाजाला कलंक आहे, अशा आशयाचे विधान अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी १८८९ च्या संदेशात केले. अखेर २ मार्च १८९३ रोजी त्यांनी कायद्यावर स्वाक्षरी केली. कंपन्यांना १८९८ पर्यंतची मुदत होती. ती पुढे १९०० पर्यंत वाढवण्यात आली.

भारतीय रेल्वेत दीर्घकाळ निर्वात ब्रेक वापरात होते. नंतर हवेचे ब्रेक आले. येथील मालगाड्यांची जोडणीही जॅनी यांच्याच कल्पनेच्या वंशातील आहे. शोध लागल्यापासून त्याची सक्ती होईपर्यंत अमेरिकेत २० वर्षे गेली. त्या विलंबाची किंमत मोजली, ती टपांवर धावणाऱ्या आणि डब्यांच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या माणसांनी.