‘नटसम्राट’ आणि माझं डाउन पेमेंट

सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली की त्र्यंबक रोडवर बाइक्सची जत्रा भरते. त्याच गर्दीतून बाबा आयुष्यभर घरी आले. परवा रिटायरमेंटचे पैसे हातात पडले, तर म्हणाले, ‘‘फ्लॅटच्या डाउन पेमेंटला सगळे घे. मला काय करायचेत?’’

येस्स! माझं ईएमआयचं गणित सुरूही झालं.

‘सुखी कसं व्हावं’ छापाची पुस्तकं मी ढिगानं वाचलीयत. या वेळी मात्र हाताशी होतं ‘नटसम्राट’, नाशिकच्या वि. वा. शिरवाडकरांचं, म्हणजे आपल्या कुसुमाग्रजांचं, ‘किंग लिअर’शी नातं सांगणारं, १९७० साली रंगभूमीवर आलेलं नाटक. अप्पा बेलवलकर होतं-नव्हतं ते मुलांना देऊन मोकळे होतात. पुढचं ठाऊक आहेच. मास कॉमला असताना आमच्यासाठी ही फक्त गॅदरिंगला ठोकायची स्वगतं. (डॉ. लागूंची नक्कल प्रत्येक बॅचमध्ये एकजण करतोच!)

आता वाचताना मात्र दचकलो. मी अप्पांच्या नाही, त्यांच्या मुलाच्या, नंदाच्या खुर्चीत बसलो होतो. तो काही राक्षस नाही हो. संसारात अडकलेला, आपल्यासारखाच. अप्पांचं नुसतं घर जात नाही. रागावून निघून जायला स्वतःची खोलीच उरत नाही.

पुस्तक बाबांच्या उशाशी ठेवलं. दोन रात्री दिवा जळत होता. तिसऱ्या सकाळी म्हणाले, ‘‘अर्धे एफडीत टाकतो.’’ मी हुश्श केलं, पोटात थोडं दुखलंही. मग चहा ओतता ओतता हळूच, ‘‘तुझं बजेट किती कमी पडेल रे, नंदा?’’