दुधाच्या दाताचा निर्णय कोण घेतं?

नांदेड जिल्ह्यातल्या मुखेड तालुक्यातल्या वाड्या-तांड्यांवर तीन-चार वर्षांच्या पोराचे वरचे पुढचे दात तपकिरी, झिजलेले दिसले तरी कुणाला नवल वाटत नाही. “दुधाचेच आहेत, पडणारच,” एवढ्यावर विषय मिटतो. हे दुखणं एकट्या मुखेडचं नाही. २००२-०३ च्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य पाहणीत देशातल्या पाच वर्षांच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांचे दात किडलेले आढळले होते.

पडणार, पण कधी?

दुधाचे २० दात अडीच-तीन वर्षांपर्यंत येतात. पुढचे सहाव्या-सातव्या वर्षी पडू लागतात, दाढा मात्र दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ घेऊन पोराला पुढं सहा-सात वर्षं जेवायचं असतं. ते एकाच बाजूने चावतं, रात्री उठून रडतं, अंगी लागत नाही. त्यातच सहाव्या वर्षाच्या सुमारास सगळ्यात मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे घरच्यांना तीही दुधाचीच वाटते.

कोयत्याचा हिशेब

दिवाळीच्या आगेमागे इथली कितीतरी घरं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर. अर्धा कोयता बाईचा असतो, पण उचल बहुधा पुरुषाच्या हातात पडते आणि तिचं काय करायचं हेही तोच ठरवतो. बाई पहाटेच फडात जाते. धाकटं पोर कोपीवर, म्हणजे झोपडीपाशी, थोरल्या बहिणीच्या कडेवर, आणि ती बहीणही आठ-नऊ वर्षांची. पोर रडलं की गोड काळा चहा, पुड्यातलं बिस्किट, नाहीतर उसाचं कांडं.

साखर एकूण किती खाल्ली याइतकंच ती दिवसातून किती वेळा तोंडात गेली, हे किडीच्या बाबतीत महत्त्वाचं. दर वेळी जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि लाळेला ते निवळायला अर्धा तास तरी लागतो. दिवसभर थोडं थोडं गोड चालू राहिलं, तर दात आम्लातच राहतात. “गोड कमी द्या” हा सल्ला खराच आहे. पण तो ज्या बाईला दिला जातो ती त्या वेळी फडात मोळी बांधत असते.

आईचेही दात

किडीचे जंतू पोराच्या तोंडात बहुतेकदा आईच्याच लाळेतून जातात. तिची स्वतःची दाढ मात्र घरातल्या दुखण्यांच्या रांगेत शेवटी. ठणका लागला की मिश्रीचं बोट फिरवायचं आणि कामाला लागायचं. गरोदरपणातही दातांवर उपचार करता येतात, मधले तीन महिने त्याला सोयीचे. पण तेव्हा दाताचा विषय घरात काढणार कोण?

पैसा आला म्हणजे झालं?

महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) १९७५ पासून आहे, ‘उमेद’ अभियानाचे बचत गट गावोगाव आहेत. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजनेचे महिना १,५०० रुपये थेट बाईच्या खात्यात येतात. नांदेड-लातूरच्या दवाखान्याचं भाडं यातून नक्की निघतं. पण हाती पैसा असला आणि घरी वेळ नसला, तर त्याच पैशातून बिस्किटाचे पुडेही वाढतात. म्हणून मला खात्यातल्या रकमेपेक्षा “उद्या मी पोराला दाखवून येते” हे कुणाला न विचारता म्हणता येणं मोठं वाटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत बायकांना उपचाराचा निर्णय कोण घेतं हे विचारतात, मुलांचं वजन-उंचीही मोजतात. दात मात्र त्यात तपासत नाहीत.

ऊसतोडीला निघण्याआधी

पोराचा ओठ वर करून पाहावं. हिरडीलगत खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर कीड अजून थांबवता येते. फ्लोराइडची पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढं सहापर्यंत वाटाण्याएवढी घ्यावी. रात्री झोपताना दात मोठ्या माणसानेच घासून द्यावेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणी करतं आणि त्यात दातांची कीडही येते. एखादी फेरी ऊसतोडीच्या महिन्यांत आली तर फडावरची पोरं हुकतात. त्यामुळे अंगणवाडी सेविकेला तारीख विचारून दसऱ्याआधीच तपासणी करून घ्यावी.