यंत्रमानवाची बॅटरी राबून नव्हे, पडून बिघडते!

युरोपातील उपनगरांत बंगल्यापुढच्या हिरवळीवर मोठ्या कासवासारखे एक यंत्र संथपणे फिरताना हमखास दिसते. गवत कापणारा हा यंत्रमानव. स्वीडनच्या हुस्कवार्ना कंपनीने १९९५ साली सौरऊर्जेवर चालणारे असे यंत्र बाजारात आणले. ते सर्वस्वी उन्हावर अवलंबून होते. पुढच्या पिढीतील यंत्रे मात्र आवारातील चार्जिंग स्टेशनवर स्वतःच जाऊन चार्ज होऊ लागली. यंत्र आपले आपण चार्ज होते, त्यामुळे बॅटरीकडे लक्ष देण्याची गरजच नाही, असा मालकाचा समज होतो. हाच समज महागात पडतो. हिवाळाभर कोठीत पडलेले यंत्र वसंतात बाहेर काढावे, तर ते जागचे हलत नाही.

आजच्या बहुतेक यंत्रांत लिथियम-आयन बॅटरी असते. १८ व्होल्टच्या बॅटरीत साधारणपणे प्रत्येकी ३.६ व्होल्टचे पाच सेल एकसर जोडलेले असतात. पूर्ण चार्ज झालेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्टपर्यंत चढतो. वापरताना तो अडीच ते तीन व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नसतो. बॅटरीतील नियंत्रक मंडल ही मर्यादा सांभाळते. कामाच्या दिवसांत यंत्र बॅटरी पुरती उतरण्यापूर्वीच स्टेशनवर परतते. म्हणजे रोज राबणाऱ्या बॅटरीची काळजी आपोआप घेतली जाते.

खरा धोका विश्रांतीत

उत्तर युरोपात गवत कापण्याचा हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर असतो. त्यानंतर यंत्र महिनोन्महिने पडून राहते. कोणतीही बॅटरी न वापरताही हळूहळू उतरते. त्यातच मुख्य स्विच चालू राहिला, तर आतील इलेक्ट्रॉनिक भाग थोडी थोडी वीज खातच राहतात. दाब मर्यादेच्या फार खाली गेला की सेलच्या ऋणाग्रामागील तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. अशी बॅटरी पुन्हा चार्ज करताना ते तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. म्हणूनच नियंत्रक मंडल अशा बॅटरीला वीज घेऊच देत नाही. मालकाला ती ‘मेलेली’ वाटते. प्रत्यक्षात ते मंडल संभाव्य आग टाळत असते. अशा बॅटरीला बाहेरून तारा जोडून ‘जिवंत’ करण्याचा खटाटोप घातक ठरू शकतो.

साठवणीपूर्वी चार्ज किती असावा, याविषयी दोन सल्ले ऐकू येतात. रसायनशास्त्राच्या दृष्टीने निम्मा चार्ज आणि थंड, कोरडी जागा उत्तम. कारण पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत लवकर म्हातारी होते. तरीही काही उत्पादक बॅटरी पूर्ण चार्ज करूनच यंत्र ठेवण्यास सांगतात. दीर्घ मुक्कामात ती तळाला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्यामुळे यंत्रासोबतच्या पुस्तिकेतील सूचना प्रमाण मानावी. मुख्य स्विच बंद करणे मात्र दोन्हींत समान आहे.

थंडीचेही एक पथ्य आहे. शून्य अंश सेल्सिअसच्या खाली लिथियम-आयन बॅटरी चार्ज केल्यास लिथियम ग्रॅफाइटमध्ये न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचते. त्यामुळे क्षमता कायमची घटते आणि शॉर्टसर्किटचा धोका वाढतो. गारठलेले यंत्र आधी घरात आणून सामान्य तापमानाला येऊ द्यावे, मगच चार्जिंगला लावावे. उन्हाळ्यात उलट काळजी घ्यावी. स्टेशन सावलीत असावे.

प्रत्येक वेळी दोष बॅटरीचाच नसतो

यंत्र चार्ज होत नसेल, तर आधी स्टेशनवरील आणि यंत्रावरील धातूच्या पट्ट्या तपासाव्यात. पाऊस, गवताचा रस आणि धूळ यांमुळे त्यांवर थर चढतो व वीजप्रवाह अडतो. स्टेशनचा वीजपुरवठा आणि यंत्र बंद करून बारीक पॉलिश पेपरने पट्ट्या हलकेच घासल्या, तर अनेकदा नव्या बॅटरीचा खर्च वाचतो. बोथट पाती, खाली चिकटलेले ओले गवत आणि फार वाढलेली हिरवळ यांमुळे मोटरला जास्त वीज लागते व बॅटरी लवकर उतरते. सफाई ब्रशने करावी; जोरदार फवाऱ्याचे पाणी आत शिरून बिघाड होतो.

ही सारी निगा राखूनही बॅटरी कधीतरी थकतेच. एका चार्जमध्ये यंत्र पूर्वीपेक्षा बरेच कमी वेळ चालू लागले, की ती बदलण्याची वेळ आली असे समजावे. फुगलेली वा तडकलेली बॅटरी त्वरित वापरातून काढावी आणि घरच्या कचऱ्यात टाकू नये. भारतातही २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची सोय करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आपल्याकडे असे यंत्रमानव क्वचितच दिसतात. पण त्यांच्यातील बॅटरीची भावंडे घरोघरी आहेत. कपाटात ठेवलेला जुना मोबाइल, सुटीत बंद पडून राहिलेला लॅपटॉप यांनाही हाच नियम लागू पडतो. पुरती उतरलेली बॅटरी तशीच ठेवून देऊ नये आणि काही महिन्यांनी तिची विचारपूस करावी.