शर्यतीचा व्हिडिओ जुन्या लॅपटॉपवर अडकतोय? नवा घेण्याआधी हे करून बघा

शिरूर/दौंड : सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२१ मध्ये बैलगाडा शर्यतीला परवानगी दिली आणि यात्रांचे घाट पुन्हा गाजू लागले. शर्यतीचे व्हिडिओ बनवणाऱ्या पोरांकडे लॅपटॉप मात्र बऱ्याचदा जुना, ४ जीबी रॅमचा. एडिटिंगला बसलं की चित्र अडकतं, आवाज पुढं पळतो.

दोष बहुतेक वेळा फाइलचा असतो. बरेच नवे फोन एच.२६५ मध्ये शूट करतात. फाइल लहान होते, पण ती उलगडताना जुन्या प्रोसेसरचा दम निघतो. म्हणून फोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये आधीच १०८०पी आणि एच.२६४ निवडा.

शूट झालंच असेल, तर प्रॉक्सी वापरा. प्रॉक्सी म्हणजे मूळ व्हिडिओची हलकी नक्कल. शॉटकट या मोफत सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग्जमधून प्रॉक्सी सुरू करा, प्रिव्ह्यू स्केलिंग ३६०पी ठेवा. कापाकापी नकलेवर होते, एक्सपोर्ट मूळ फाइलवरून. त्यामुळे क्वालिटी घटत नाही. नकला तयार व्हायला वेळ लागतो, तेवढा द्या.

क्लिप पेनड्राइव्हवरून न उघडता लॅपटॉपमध्ये कॉपी करा. ब्राउझर बंद, चार्जर चालू ठेवा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप हळू चालतात.

खर्च करायचाच तर आधी हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, मग ८ जीबी रॅम. काही लॅपटॉपची रॅम वाढवता येत नाही, दुकानात आधी विचारा.

आणि एक्सपोर्ट होऊन व्हिडिओ तपासेपर्यंत मूळ क्लिप डिलीट करू नका. बारी पुन्हा पळत नाही.