दयेचा अर्ज आणि फेरविचाराचा अर्ज

तुरुंगातून निघणाऱ्या या दोन अर्जांची आपले कार्यकर्तेही नेहमी गल्लत करतात. घटनेच्या ७२ व्या कलमाने राष्ट्रपती आणि १६१ व्या कलमाने राज्यपाल शिक्षा माफ वा कमी करू शकतात. केहरसिंग खटल्यात (१९८८) सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, राष्ट्रपतींना पुरावाही नव्याने तपासता येतो. मात्र त्याने न्यायालयाचा निकाल पुसला जात नाही. फाशी टळते, डाग राहतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकालच चुकला असेल, तर १३७ व्या कलमाखाली फेरविचार मागावा लागतो.

हा फरक नाशिकच्या एका खटल्याने दाखवून दिला. जून २००३ मध्ये नाशिकजवळ एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, स्त्रियांवर बलात्कार झाले. पकडले गेले भटक्या जमातींतले सहा गरीब मजूर. उच्च न्यायालयाने २००७ साली तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या सहांनाच फाशी दिली. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली गेला, असे आपण शिकवतो!

तो निकाल ज्या जुन्या निवाड्यावर टेकला होता, तो न्यायालयानेच चुकीचा ठरवलेला होता. म्हणून २०१२ साली चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा कैद्यांची फाशी रद्द करावी, अशी विनंती केली. हेतू थोर, पण मुद्दा शिक्षेचा होता, अपराधाचा नव्हता. विनंती मान्य झाली असती तरी या निरपराधांच्या वाट्याला जन्मठेपच येणार होती.

वाट उघडली ती निराळीच. पूर्वी फेरविचाराचे अर्ज न्यायाधीशांच्या दालनात, वकिलाला न ऐकताच निकालात निघत. फाशीच्या प्रकरणांत खुली सुनावणी हवी, असे २०१४ साली ठरले. मग २०१८ साली जुना निकाल मागे घेतला गेला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही निर्दोष सुटले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांनी दाखवलेल्या छायाचित्रांतून चार निराळेच इसम ओळखले होते. त्यांचा तपासच झाला नव्हता. सोळा वर्षांची भरपाई प्रत्येकी पाच लाख रुपये. आरोपी भटके, गरीब मजूर असल्याने त्यांना खोटे गोवले जाण्याची शक्यता नाकारता येत नाही, हे न्यायालयानेच लिहिले.

१ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत फाशीच्या कैद्याला दयेच्या अर्जासाठी तीस दिवसांची मुदत आहे. नातेवाईकही तो करू शकतात. तो अवश्य करावा. पण कैद्याच्या घरी जाल तेव्हा जबाब, ओळखपरेड आणि पंचनामे यांच्या नकला आधी मागा.