फ्रॅमिंगहॅमची चिकाटी

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने निधन पावले, तेव्हा त्यांचा रक्तदाब ३०० वर १९० इतका चढला होता. ही वाढ एका दिवसाची नव्हती. ती कित्येक वर्षे चालू होती. परंतु वयाबरोबर रक्तदाब वाढणे हे स्वाभाविकच, असे त्या काळी अनेक डॉक्टर मानीत. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला जे ज्ञान उपलब्ध होऊ शकले नाही, ते पुढे एका छोट्या नगरीतील सामान्य नागरिकांनी जगाला मिळवून दिले. ते ज्यांच्या नेतृत्वाखाली घडले, त्या डॉ. टॉमस डॉबर यांचे कार्य अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही अभ्यासावे असे आहे.

१९४८ साली अमेरिकेत राष्ट्रीय हृदय कायदा संमत झाला. त्या देशातील सुमारे निम्मे मृत्यू तेव्हा हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी होत. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स राज्यातील फ्रॅमिंगहॅम येथे एक पाहणी सुरू झाली आणि १९४९ मध्ये तिची सूत्रे डॉबर यांच्याकडे आली. रोगी दारात आल्यावर कारण शोधावयाचे, ही वैद्यकाची जुनी रीत. येथे ती उलटी केली गेली. ५,२०९ स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासावयाचे, त्यांचा रक्तदाब, रक्तातील कोलेस्टेरॉल, धूम्रपानाची सवय यांची नोंद ठेवावयाची, आणि पुढे कोणाला हृदयविकार होतो ते पाहत राहावयाचे! पाहणीत उपचार होत नसत. निष्कर्ष ज्याच्या त्याच्या डॉक्टरकडे पाठविले जात. केवळ विश्वासाच्या बळावर लोक पुन:पुन्हा येत राहिले.

या नोंदींचे फळ १९६१ मधील एका निबंधात दिसले. ज्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल अधिक, ज्यांचा रक्तदाब अधिक, त्यांना हृदयविकार अधिक, हे आकड्यांनी दाखवून दिले गेले. ‘जोखमीचा घटक’ ही कल्पना वैद्यकात रूढ झाली ती येथून. सर्वसामान्य ते निरोगी, हा समजही त्यामुळे ढासळला. समाजाची सरासरीच बिघडलेली असेल, तर सरासरीइतके असणे हे कसले समाधान?

अर्थात, दोन गोष्टी एकत्र आढळणे म्हणजे एक दुसरीचे कारण असणे नव्हे, हे आम्ही वर्गात नेहमी सांगतो. कोलेस्टेरॉल कमी केल्याने मृत्यू टळतात काय, याचे उत्तर फ्रॅमिंगहॅम देऊ शकत नव्हते. स्कॅन्डिनेव्हियातील ४,४४४ हृदयरुग्णांवरील औषधाच्या चाचणीने १९९४ साली ते होकारार्थी दिले. पण कोणता प्रश्न विचारावा, हे फ्रॅमिंगहॅमने आधी शिकविले होते.

आता पैशाची बाजू. मूळ योजना वीस वर्षांची होती. मुदत संपत आली तशी सरकारी अनुदान थांबविण्याची भाषा सुरू झाली. १९६६ मध्ये बोस्टन विद्यापीठात गेलेल्या डॉबर यांनी तेव्हा खाजगी देणग्या गोळा करून पाहणी तगविली. पुढे सरकारी साहाय्य पुन्हा लाभले. १९७१ मध्ये दुसरी पिढी आणि २००२ मध्ये तिसरी पिढी नोंदवहीत आली. अर्थसंकल्पाचे वर्ष बारा महिन्यांचे असते, रक्तवाहिनी अरुंद होण्यास मात्र दशके लागतात. शिवाय अशा ज्ञानाचा लाभ सर्वांना होतो आणि त्याची किंमत कोणाकडूनच वसूल करता येत नाही. बाजार ते निर्माण करणार नाही; ते समाजानेच पोसावे लागते.

फ्रॅमिंगहॅमचे मूळ रहिवासी जवळजवळ सर्व गोरे होते; तेथील गणिते आपल्याला जशीच्या तशी लावता येणार नाहीत. म्हणून आपल्या नोंदी आपणच ठेवावयास हव्यात. पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये गरोदर मातांपासून पाहणी सुरू केली आणि त्यांच्या मुलांचा मागोवा वर्षानुवर्षे घेतला, हे या दृष्टीने मोलाचे आहे.

डॉबर २००५ मध्ये, ९२ व्या वर्षी निवर्तले. त्यांनी कोणतेही चमत्कारी औषध शोधले नाही. नेमाने मोजले, नेमाने लिहिले आणि वाट पाहिली. कारकुनी म्हणून ज्या कामाची आपण हेटाळणी करतो, त्यानेच असंख्य माणसांचे आयुष्य वाढविले, हे विसरून चालेल काय?