पूर्व गोलार्ध कोणी ठरवला?

शाळेतल्या पृथ्वीगोलावर विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त सारखीच ठळक छापलेली असतात, आणि दोघांनाही ‘काल्पनिक रेषा’ म्हणून एकाच ओळीत बसवले जाते. यात विषुववृत्तावर अन्याय होतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, म्हणून तिला अक्ष आहे, दोन ध्रुव आहेत आणि त्यांच्या बरोबर मधोमध विषुववृत्त आहे. जमिनीवर तीही रेषा कुठे दिसत नाही, असा आक्षेप कोणी घेईल. पण तिचे परिणाम दिसतात: ती ओलांडून दक्षिणेला गेले की ध्रुवतारा क्षितिजाखाली जातो, ऋतू उलटतात, चक्रीवादळेही उलट्या दिशेने फिरतात. कर्कवृत्त, मकरवृत्त आणि ध्रुववृत्तेही अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलातून आलेली, म्हणजे निसर्गाचीच. पूर्व आणि पश्चिम गोलार्धांत मात्र निसर्गाने असा काहीच भेद केलेला नाही. ती वाटणी माणसांच्या कराराची आहे.

करार म्हटला की तो कोणाच्या सोयीचा, हे आलेच. आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांच्या सिद्धांतकारांनी लंका, उज्जैन, कुरुक्षेत्र आणि मेरू (उत्तर ध्रुव) यांना जोडणारी मध्यरेषा मानली. गावोगावचे पंचांगकर्ते याच रेषेपासून आपले देशांतर, म्हणजे रेखांशातला फरक, काढून गणिताला संस्कार देत. या रेषेवरची लंका म्हणजे आजची श्रीलंका नव्हे. ती उज्जैनच्या थेट दक्षिणेला विषुववृत्तावर कल्पिलेली जागा, आणि तिथे आज समुद्रच आहे. कुरुक्षेत्रही उज्जैनच्या सुमारे एक अंश पूर्वेला भरते. तरीही व्यवस्था शतकानुशतके चालली, कारण सर्वांनी एकच शून्य मानणे हे ते शून्य कुठे आहे यापेक्षा महत्त्वाचे होते. अरब ज्योतिषीही उज्जैनला ‘अरीन’ म्हणत आणि तिथून रेखांश मोजत. फ्रान्सने 1634 मध्ये कॅनरी बेटांतल्या फेरोवरून मोजणी सुरू केली, पुढे पॅरिसवरून. अखेर ऑक्टोबर 1884 मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत मूळ रेखावृत्तासाठी ग्रीनिचच्या बाजूने 22 मते पडली, विरोधात एक; फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. जगातली बहुतेक जहाजे आधीच ग्रीनिचवर बेतलेले नकाशे वापरत होती, हे या निकालाचे खरे कारण. फ्रान्सची अढी मात्र गेली नाही. 1911 च्या कायद्याने तिथली वेळ ‘पॅरिसची वेळ, उणे 9 मिनिटे 21 सेकंद’ ठरवली. ती ग्रीनिचचीच वेळ होती, फक्त नाव टाळले होते!

ग्रीनिचच्या बाजूने एक युक्तिवाद हमखास येतो: त्याची 180 अंशांची विरुद्ध रेषा बहुतांशी प्रशांत महासागरातून जाते, म्हणून निवड शास्त्रीयच. सोय मान्य, पण सोय म्हणजे शास्त्र नव्हे. ती रेषा फिजीतल्या बेटांवरून जातेच, आणि 1995 मध्ये किरिबातीने सगळ्या देशाला एकच वार असावा म्हणून त्या रेषेवर बेतलेली वाररेषा पूर्वेकडे वळवून घेतली. विषुववृत्त असे कोणा सरकारला वळवता येईल का? उत्तर-दक्षिण भेद समजून घ्यावा लागतो, पूर्व-पश्चिम भेद मान्य करावा लागतो. पाठ्यपुस्तकांनी एवढे तरी वेगळे सांगावे. स्वतंत्र भारतानेही असा करार नव्याने केला. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने 1955 च्या अहवालात राष्ट्रीय पंचांगाच्या गणितासाठी भारतीय प्रमाणवेळेचा साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांश घेतला. अक्षांश मात्र उज्जैनचा, 23 अंश 11 मिनिटे उत्तर.